तारांखालच्या मुंग्या

आमच्या घरात मुंगी मारायची नाही असा नियम होता, आणि हा नियम करणारी माझी आई दिवसातून दोनदा मुंग्यांवरच वैतागायची. टेक्ससमधल्या फ्रिस्कोतल्या त्या घरात उन्हाळा लागला की ओट्यावर मुंग्यांची रांग लागायची. नवंकोरं घर, पांढरा ग्रॅनाइटचा ओटा, आणि त्यावर पाण्याच्या ताटलीत उभा केलेला साखरेचा डबा. मैत्रिणी आल्या की मी आधी जाऊन तो डबा कपाटात ढकलायची, आणि त्या गेल्यावर साखरेत मुंग्या झाल्या म्हणून बोलणी खायची. आई खिडकीच्या चौकटीला हळदीची रेघ ओढायची, मुंग्या ती रेघ ओलांडून यायच्या, मग कागदाच्या तुकड्यावर एकेकीला उचलत, "चला गं बायांनो, घर आहे की धर्मशाळा?" असं बडबडत ती त्यांना मागच्या अंगणात सोडून यायची. तासाभरात त्या परत. शनिवारी सकाळी अंघोळ झाली की हीच बाई कणकेत साखर आणि चमचाभर तूप कालवून मागच्या कुंपणाशी मुंग्यांना घालायची. नागपूरला सगळेच घालतात, त्यात विचारायचं काय, असं तिचं म्हणणं. त्याच वेळी पुढच्या दाराने बाबा लॉनवर मुंग्यांच्या औषधाचे दाणे फेकत असायचे, कारण एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या संघटनेचं, पत्र आलेलं असायचं की तुमच्या गवतात मुंग्यांचे ढिगारे दिसतात. मागे जेवण आणि पुढे विष. या घरात अक्कल असलेलं माणूस एकच आहे असं मला पंधराव्या वर्षी वाटायचं, आणि ते कोण याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही नागपूरहून आलो. बाबांच्या कंपनीने त्यांना टेक्ससला पाठवलं तेव्हा आईला सगळ्यांनी अमेरिकेतल्या थंडीची भीती घातली होती. तिने लोकरीचे कपडे भरून दोन बॅगा आणल्या, आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकताच म्हणाली, "हे तर आपलंच ऊन आहे बाप्पा!" त्या एका गोष्टीवर तिने फ्रिस्कोला माफ केलं, बाकी कशावर केलं नाही. शेजारी बोलत नाहीत, रस्त्यावर माणूस दिसत नाही, कढीपत्त्याचं झाड थंडीत मरतं, कोथिंबिरीच्या जुडीत चार काड्या असतात. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणायचो, आणि रविवारी त्या महागड्या चार-चार काड्यांच्या दहा जुड्या आणून आई सांबारवडी करायची. सारणात खसखस, खोबरं, वरून बेसनाची पारी. ती तळली जात असताना धुराचा अलार्म वाजायचा, बाबा खुर्चीवर चढून टॉवेलने त्याला वारा घालायचे, आणि आई खालून ओरडायची की तुमच्या टॉवेलचे धागे कढईत पडतायत. आजही कुठे अलार्म वाजला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या मुलांना यात काय गंमत आहे ते कळत नाही. त्यांना मी अजून नीट सांगूही शकलेले नाही.

आमच्या घराच्या मागे कुंपण, आणि कुंपणापलीकडे विजेच्या मोठ्या तारांची पट्टी होती. उंच लोखंडी मनोरे, त्यांच्यावरून जाणाऱ्या जाड तारा, आणि खाली मैलोन्‌मैल मोकळी जमीन. तारांखाली कुणाला काही बांधता येत नाही, म्हणून सगळ्या बाजूंनी घरं उगवली तरी ती पट्टी तशीच राहिली होती. दमट सकाळी तारांचा बारीक गुणगुणाट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. घर घेताना एजंटने हा तोटा म्हणून सांगितला होता. मला मात्र त्या आवाजाशिवाय झोप येत नसे. पट्टीत पिवळं कोरडं गवत आणि मध्येमध्ये दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी साफ, गोल जागा. त्या गोलाच्या मधोमध भोक, आणि भोकातून ये-जा करणाऱ्या मोठ्या लाल मुंग्या. या मुंग्या दाणे वेचतात. गवताचं बी तोंडात धरून त्या ओळीने घरी येतात आणि दाराबाहेर एक काडी टिकू देत नाहीत. ओट्यावर येणाऱ्यांपैकी या नव्हेत. यांना स्वयंपाकघराशी काही देणंघेणं नसतं. आणि तिसरी जात म्हणजे फायर अँट. परदेशातून आलेली, बारीक, तपकिरी, चावली की पायाला फोड आणणारी. गोड, तेलकट, मांस, काहीही खाते, आणि एकदा पसरली की दाणे वेचणाऱ्या मुंग्यांना हुसकून लावते. हा फरक मला कॅरलने शिकवला.

कॅरल पन्नाशीतली, रुंद काठाची टोपी घालणारी, शहरातल्या प्राणिसंग्रहालयात शिंगवाल्या सरड्यांची पैदास बघणारी बाई. टेक्ससमध्ये हा सरडा टी-शर्टवर असतो, मगवर असतो, हायवेवरच्या दुकानात रबराचा मिळतो. रानात मात्र शोधूनही सापडत नाही. तळहातावर मावणारा, चपटा, डोक्याला खरोखरची शिंगं, आणि फारच घाबरला तर डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी उडवणारा. इथले लोक त्याला बेडूक म्हणतात. तो बेडूक नाही हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगायची, आणि लोक मान हलवून पुन्हा बेडूकच म्हणायचे. त्याचं खाणं म्हणजे त्या लाल, दाणे वेचणाऱ्या मुंग्या. औषधं मारून आणि फायर अँट पसरून त्या मुंग्या गेल्या, आणि त्यांच्यामागे तो गेला. कॅरलकडे पिल्लं होती, पण त्यांना खायला रोज जिवंत मुंग्या लागायच्या, आणि त्या कुठल्या दुकानात मिळत नाहीत. म्हणून शनिवार-रविवारी स्वयंसेवक जायचे. मी शाळेला दाखवायच्या समाजसेवेच्या तासांसाठी नाव दिलं आणि पहिल्याच दिवशी चिकटले. मुंग्यांच्या वाटेवर काचेची बरणी तोंडापर्यंत जमिनीत पुरायची, आतून जरा पावडर लावायची म्हणजे पडलेली मुंगी वर चढत नाही, आणि एका वारुळातून थोड्याच घ्यायच्या. बरणी आईच्या लोणच्याची होती. कितीही घासली तरी तिचा मेथीचा वास जाईना. कॅरल म्हणायची की तिच्या सरड्यांना आता नागपुरी चव लागली आहे.

पट्टीत अकरा वारुळं आहेत हे मीच तिला सांगितलं. ती बघायला आली, गुडघ्यांवर रांगत सगळी पट्टी फिरली आणि प्रत्येक वारुळाची जागा वहीत टिपून घेऊन गेली. आठवड्याने तिचा फोन आला. घरांच्या मधल्या एवढ्याशा जागेत सरडे टिकतात का, हे करून बघायला तिच्या वरच्या लोकांची तयारी होती. अट अशी की पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी तपासणी होईल, लाल मुंग्यांची वारुळं शाबूत पाहिजेत आणि फायर अँट दिसता कामा नये. तसं झालं तर सप्टेंबरात तिथे पिल्लं सोडायची. नाही झालं तर दुसरी जागा. मला त्या वयात काही म्हणजे काही माझं वाटत नव्हतं. शाळा नाही, भाषा नाही, आमचा व्हिसासुद्धा दर तीन वर्षांनी उसना. ती पट्टी मला माझी वाटली. मी कामाला लागले. आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरात गेले, घंटी वाजवली, स्वतः तयार केलेलं पत्रक दिलं: कुंपणाच्या मागच्या बाजूला औषध टाकू नका, अन्न फेकू नका, कुत्र्याची वाटी बाहेर ठेवू नका. बाबांना विष बंद करायला लावलं. त्यासाठी त्यांनी एचओएशी सहा महिने पत्रव्यवहार केला आणि त्याबद्दल मला रोज ऐकवलं. सगळ्या ओळीत फक्त एका घरात मी पत्रक टाकलं नाही. ते आमचं.

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे "सायन्स प्रोजेक्ट" एवढं सांगितलं होतं. बरणी घेऊन निघाले की ती विचारायची, "चाललीस का गं मुंग्यांकडे?" आणि मी "हो" म्हणून निघून जायची. त्या मुंग्या कुणाच्या पोटात जातात हे सांगितलं असतं तर तिने बरणी हातातून काढून घेतली असती, हे एक कारण. पाल दिसली तरी खुर्चीवर चढणाऱ्या बाईला सरडे सोडण्याचा बेत सांगणं, हे दुसरं. पण खरं कारण याहून वाईट होतं. मला वाटायचं, तिला काय कळणार. कॅरलला मी शाळेतल्या भांडणांपासून सगळं सांगायची आणि आईशी मराठीत चार शब्द बोलायचाही मला कंटाळा यायचा. आई मात्र खूश होती. मुलीला मुंग्यांची माया आहे, आपलं वळण लागलं, असं ती वंदना मावशीला व्हिडिओ कॉलवर सांगायची. मी मागून जाताना ते ऐकायची आणि डोळे फिरवायची.

तपासणीच्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे एका विद्यापीठाच्या शिबिराला गेले. जायच्या आधी अकराही वारुळं तपासली, वहीत नोंदवली. परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कॅरल तपासणीला येणार होती. आल्याआल्या पट्टीत एक फेरी मारायची तेवढी राहिली, कारण आईने गोळाभात केला होता आणि तो खाऊन मी जी आडवी झाले ती सकाळीच उठले.

कॅरलने पट्टीत जागोजागी हॉट डॉगचे काप ठेवले. फायर अँट शोधायची ती साधी पद्धत आहे. मांसाच्या वासाला त्या आधी येतात, दाणे वेचणाऱ्या ढुंकून बघत नाहीत. अर्धा तास थांबायचं असतं. आम्हाला पाच मिनिटंही थांबावं लागलं नाही. आमच्या कुंपणाजवळच्या चारही कापांवर बारीक तपकिरी मुंग्यांचा थर चढला. कॅरल पुढे गेली, आणि मीही बघितलं. गवतात भुसभुशीत मातीचे ढीग, एक, दोन, पाच, सात. आमच्या सगळ्यात मोठ्या वारुळाच्या गोलात, जिथे एक काडी टिकायची नाही तिथे, पांढरट, चिकट थर वाळून बसला होता. मोठ्या लाल मुंग्या नव्हत्याच. थोड्या होत्या त्या मेलेल्या, आणि तपकिरी मुंग्या त्यांना ओढून नेत होत्या. कॅरलने तो थर नखाने उचलला, नाकाशी नेला आणि मला विचारलं, "इज धिस बटर?"

तेवढ्यात मागचं फाटक उघडलं. आई एका हातात सांबारवडीची ताटली आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा घेऊन आली. नवी साडी नेसली होती, कारण मॅडम येणार होत्या.

"वेलकम, वेलकम, मॅडम!" आई म्हणाली. "यू सी? थ्री वीक्स आय अ‍ॅम गिव्हिंग फूड. फुल फूड. व्हेरी हॅपी अँट्स!" आणि माझ्याकडे वळून, "तू नव्हतीस ना मनू, म्हणून मी शनिवारचं थांबले नाही, रोज घातलं. इथपर्यंत आणून. त्या आधी खातच नव्हत्या गं, दोन दिवस तसंच पडून होतं. मग तूप वाढवलं तेव्हा कुठे आल्या. एवढ्या आल्या, एवढ्या आल्या की काय सांगू!"

"आई, तू काय केलंस हे?"

"काय केलं म्हणजे? घरातलं माणूस गावाला गेलं तर त्याच्या तुळशीला पाणी कोण घालतं?"

मी जे बोलले ते इंग्रजीत बोलले, कॅरलला समजावं म्हणून. "यू रुइन एव्हरीथिंग. यू डोन्ट नो एनीथिंग अबाउट एनीथिंग, अँड यू रुइन इट." आईला इंग्रजी कमी येत असे, पण एवढं येत होतं. तिने डबा कमरेशी धरला. ताटली तशीच पुढे केलेली होती, आणि कॅरलने, दुसरं काय करावं ते न सुचून, त्यातली एक वडी उचलली.

"डिड यू टेल हर?" कॅरलने मला विचारलं. मी खाली मातीच्या ढिगांकडे बघितलं. "हनी, यू टोल्ड द होल स्ट्रीट."

मग ती आईशी बोलली, हळूहळू, हातवारे करत, वहीच्या पानावर चित्रं काढून. ही लाल मुंगी. ही तपकिरी. ही गोडाला आणि तुपाला येते, हिला मारते. आई मान हलवत होती. मग कॅरलने शिंगवाला सरडा काढला आणि त्याच्या तोंडापुढे लाल मुंगी. आईची मान थांबली.

"मनू," ती म्हणाली, "त्या बरणीतल्या मुंग्या कुठे जायच्या?"

"सरड्यांकडे."

"सगळ्या?"

"सगळ्या."

आई डब्याचं झाकण लावून घरात गेली. कॅरलने वहीत आकडे लिहिले आणि मला सांगितलं की यंदा इथे पिल्लं सोडता येणार नाहीत. तिला वाईट वाटलं असणार, पण तिने ते दाखवलं नाही. तिला दुसरी जागा बघायची होती आणि सप्टेंबर तोंडावर आला होता.

घरात शिरले तेव्हा आई कढई घासत होती. मी तिला सोडलं नाही. विज्ञान सांगितलं, पर्यावरण सांगितलं, वर्षभरात न सांगितलेलं सगळं एका दमात ओरडून सांगितलं. ती घासत राहिली. शेवटी मी म्हणाले, शनिवारी घालायचीस तेवढं पुरे नव्हतं का, रोज कशाला? तेव्हा ती वळली.

"वंदना म्हणाली, अडलेलं काम असलं तर रोज घाल. तुझे एकवीस पुरे व्हायच्या आत ग्रीन कार्ड आलं पाहिजे. नाही आलं तर आमच्या कार्डावर तुझं नाव राहत नाही, माहीत आहे ना तुला?"

"मुंग्या ग्रीन कार्ड देतात का, आई? सीरियसली?"

"मग तो वकील काय करून राहिला? तो नुसता थांबा म्हणते. मुंग्या निदान खातात तरी!"

बाबा हॉलमधून म्हणाले की या बाबतीत आईचा मुद्दा बरोबर आहे. मी दार आपटून वर गेले. आता लिहिताना मला हसू येतं, पण त्या दिवशी मला दोघांचा एवढा राग आला होता की मी तीन दिवस खाली जेवले नाही. ताट वर यायचं, ते मात्र मी खायची.

चौथ्या दिवशी सकाळी मला तारांच्या गुणगुणाटावरून दुसरा आवाज आला, फाटकाच्या कडीचा. खिडकीतून बघितलं तर आई दोन्ही हातांत फडकं धरून, चहासाठी पाहुणे आले की काढायचं ते मोठं पातेलं घेऊन पट्टीत चालली होती. पातेल्यातून वाफ निघत होती. फायर अँटच्या पहिल्या ढिगापाशी ती थांबली. बराच वेळ थांबली. ओठ हलत होते. देवाचं म्हणत होती की मुंग्यांशी बोलत होती ते मला खिडकीतून कळलं नाही. मग तिने पातेलं वाकडं केलं. तिथे विष चालत नाही, विषाने लाल मुंग्याही मरतात. ढीग शोधून, नेमका त्याच्यावर उकळतं पाणी ओतायचं एवढाच उपाय असतो, आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. हे तिला कोणी सांगितलं? तिने बाबांच्या फोनवरून कॅरलला फोन केला होता. कसलं इंग्रजी बोलली असेल कोण जाणे. घरात परत आली ती कुणाशी न बोलता सरळ अंघोळीला गेली. एकदा अंघोळ झालेली असताना. मसणातून आल्यावर करतात तशी, डोक्यावरून.

त्यानंतर ती रोज जायची आणि रोज परत येऊन डोक्यावरून अंघोळ करायची. हिवाळ्यातसुद्धा. मला तेव्हा ते नाटक वाटलं. "मारायचंच आहे तर मार, एवढं सुतक कशाला?" असं मी एकदा म्हणालेही. ती टॉवेलने केस झटकत होती. म्हणाली, "तुला नाही समजायचं." हे वाक्य तोवर आमच्या घरात मी म्हणायची. पुढे ग्रीन कार्ड आलं ते माझे एकवीस उलटल्यावर, आणि आई-बाबांचं आलं, माझं नाही. त्याचं कारण आईच्या मनात काय होतं ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. मी विचारायला हवं होतं. आता मी विचारलं तर ती दुसराच काही विषय काढते.

वर्षभराने कॅरल पुन्हा हॉट डॉगचे काप घेऊन आली. अर्धा तास तिघी कुंपणाला टेकून उभ्या होतो. आमच्या जागेतल्या कापांवर काही आलं नाही, फक्त एकावर एक माशी बसली आणि आईने ती हाकलायला हात उचलला तेव्हा कॅरलने तिचा हात धरला. अकरापैकी सात वारुळं जगली होती. तेवढी पुरे, कॅरल म्हणाली. सप्टेंबरच्या शेवटी तिने खोक्यांतून पिल्लं आणली, प्रत्येक नाण्याएवढं, पाठीवर काटे, डोक्यावर शिंगांचे नुसते कोंब. आम्ही ती एकेक करून गवताच्या बुंध्याशी ठेवली, आणि ठेवताक्षणी ती मातीत मिसळून दिसेनाशी झाली. आई फाटकातून पुढे आली नाही. पदर नाकाशी धरून उभी होती. "एवढूसे?" ती म्हणाली. "यांच्यासाठी?" मग थोड्या वेळाने, "रात्री गारठा पडतो इथे. यांना कोणी काही सांगितलं आहे का?" कॅरलने मला भाषांतर करायला सांगितलं. मी केलं नाही. मला लाज वाटली.

पुढच्या वसंतात आम्ही शोधलं तेव्हा एकही सापडला नाही. कॅरलने आधीच सांगितलं होतं की बहुतेक पिल्लं जगत नाहीत, साप, पक्षी, मांजरं, कार, काय काय असतं. जगली, मोठी झाली आणि त्यांनी स्वतः अंडी घातली, तरच जागा लागली म्हणायचं. मला धीर नव्हता. त्या ऑगस्टमध्ये मी दूरच्या राज्यातल्या कॉलेजात गेले आणि जाताना ठरवून टाकलं की तो प्रयोग फसला. सरड्यांचं नाव काढलं की मला वैताग यायचा. आई फोनवर हवा सांगायची, भाजी सांगायची, बाबांचं ब्लड प्रेशर सांगायची. पट्टीचं ती बोलत नसे, आणि मी विचारत नसे.

मी वीस वर्षांची असताना ऑगस्टात एका सकाळी तिचा फोन आला. मी क्लासला निघाले होते.

"मनू, आज एक दिसला."

"काय दिसला?"

"ते तुझं. लहानसं. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं."

"आई, दगड असेल तो. नाहीतर नाकतोडा."

"शिंगं होती गं."

"फोटो काढलास?"

"दोन्ही हातांत पातेलं होतं."

"मग मी कसं मानू? तिथे जवळजवळ तीन वर्षं कुणी काही सोडलेलं नाही. नखाएवढं पिल्लू म्हणजे यंदा जन्मलेलं पाहिजे. ते शक्य नाहीये. तू नीट बघितलं नसशील."

"हो, असेल," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

रविवारी मी लायब्ररीत बसले असताना कॅरलची मेल आली. वर फोटो होता: तिच्या तळहातावर एक पिल्लू, नखाएवढंच. आमच्या कुंपणापासून वीस पावलांवर सापडलेलं, त्या जमिनीत जन्मलेलं. खाली तिने लिहिलं होतं की जागा तुझ्या आईने दाखवली, आणि तुझ्या आईच्या नोंदींशिवाय आम्ही इथला शोध केव्हाच थांबवला असता. तुझ्याकडे त्या असतीलच, तरी सोबत पाठवते. सोबत आईने तिला केलेले मेसेज होते. रोजचा एक. मी कॉलेजला गेले त्या आठवड्यापासूनचे. "टुडे नो लिझर्ड. रेड अँट्स गुड. फायर अँट टू हाउस. हॉट वॉटर डन." दुसऱ्या दिवशी, "टुडे नो लिझर्ड. फायर अँट नो हाउस. व्हेरी हॉट डे." मी स्क्रीन खाली सरकवत गेले. टुडे नो लिझर्ड. टुडे नो लिझर्ड. बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं त्या आठवड्यातही: "सॉरी, लेट. टुडे नो लिझर्ड." माझ्या वाढदिवसाच्या दिवशी: "टुडे नो लिझर्ड. माय डॉटर इज नाइन्टीन."

मी तिथूनच आईला फोन लावला.

"दोन वर्षं तू रोज जात होतीस?"

"मग? तू ठेवून गेलीस ना."

"आणि कॅरलला रोज सांगत होतीस. मला एकदासुद्धा का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू चिडली असतीस."

"मी कशाला चिडेन? आई, काहीही काय! मी काय तुझ्यावर नुसती चिडतच असते का?" मी ओरडले. बाजूची मुलं वळून बघायला लागली.

पलीकडून आई हळूच म्हणाली, "बरं. जेवलीस का?"